उन्हाळ्याचं विरजण

नानांच्या खांद्यावर फडकं नाही असं इमारतीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्या कोटाच्या खिशातून फडक्याचं टोक डोकावतंय आणि नवरी कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून त्या टोकाकडे बघतेय. पुढचा सगळा संसार त्या एका फोटोत आला होता म्हणा ना. माणसं त्यांना तोंडावर ‘नाना’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘फडकंनाना’. नानांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. खांद्यावर फडकं नसलेली माणसं दिवसभर धूळ पुसतात तरी कशाने, असा उलट प्रश्न त्यांना पडायचा.

ही सवय त्यांना लागली ती कारखान्यात. तिथे हॉस्पिटलांसाठी शेक द्यायच्या पिशव्या बनत, आणि टोपी, मोजे, हातमोजे घातल्याशिवाय आत जायची सोय नव्हती. नानांनी तिथे उभी हयात काढली आणि निवृत्त झाले तेव्हा इतर लोक घड्याळ घेऊन घरी गेले, हे ती शिस्त घेऊन आले. ती शिस्त मग बायकोने भोगली. भांडी घासून झाली की नाना ती उजेडात धरून बघायचे. एकदा बायकोने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “आधी प्या, मग तपासा. नाहीतर गार होईल.”

निवृत्तीनंतर नानांकडे इमारतीचं तळघर आलं. तिथे सहा टाक्या होत्या. एका इंजिनिअरबाईंनी त्या बसवून दिल्या होत्या आणि त्या सांभाळायला कुणीतरी स्वच्छ हाताचा माणूस हवा म्हणाल्या होत्या. अख्ख्या इमारतीने एकाच वेळी वर बघितलं, कारण नाना तेव्हा जिन्याचा कठडा पुसत वरच्या मजल्यावर उभे होते.

या टाक्यांची गंमत कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही, म्हणून जरा दम धरा. टाक्यांत होतं मीठ. जेवणातलं नव्हे. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की जे तयार होतं ते, सोडियम ॲसिटेट नावाचं, पोटात पाणी धरून बसणारं मीठ. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या पट्ट्यांमधलं पाणी तापायचं, खाली येऊन टाक्यांतल्या नळ्यांमधून फिरायचं, आणि मीठ वितळून आपल्याच पोटातल्या पाण्यात विरघळायचं. मग सावकाश थंड व्हायचं. तुम्ही म्हणाल, थंड झालं की पुन्हा गोठणार. तिथेच तर मेख आहे. हे मीठ गोठायचं विसरूनच जातं! टाकीला हात लावला तर गार, काचेच्या खिडकीतून आत बघितलं तर पाण्यासारखं नितळ, आणि वितळताना घेतलेली उष्णता पोटात तशीच दाबून ठेवलेली. महिने गेले तरी ते गुपचूप पडून राहतं. मग कडाक्याची थंडी पडली की टाकीच्या वरच्या छोट्या तोंडातून त्याच मिठाचा एक कण आत सोडायचा. एवढासा, चिमटीतही न सापडणारा. कण पडला की सगळ्या टाकीला एकदम आठवण होते आणि ती भराभर गोठायला लागते. गोठता गोठता उन्हाळ्यात घेतलेली सगळी ऊब परत देते. तापलेलं पाणी नळांतून वर, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये.

कण असलेल्या छोट्या बाटलीला इमारतीत ‘विरजण’ म्हणायचे. नाव नानांच्या बायकोने ठेवलेलं. “चमचाभर घातलं की भांडंभर लागतं, मग दुसरं काय म्हणायचं?” असं तिचं म्हणणं. इंजिनिअरबाईंनाही ते इतकं पटलं की फोनवर त्याही “काका, विरजण जपा हं” म्हणायला लागल्या.

आता यातला धोका असा की कण नको तेव्हा पडला तरी टाकी गोठणारच. तिला काय कळतं थंडी आहे की नाही! हाताला, बाहीला, झाकणाच्या कडेला मिठाचा पापुद्रा राहिला आणि तो आत पडला की महिनोन्‌महिने जपलेली ऊब भलत्याच दिवशी वाया. म्हणून तळघर आरशासारखं हवं. नानांना हे सांगावं लागलं नाही. आपल्या स्वभावाला इतकं साजेसं काम जगात असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. ते तळघराची फरशी अशी पुसत की तिच्यावर पाऊल ठेवताना पाहुणे चपला हातात घेत.

आणि अशा माणसाला मदतनीस म्हणून मिळाला कोण, तर त्यांचा मेव्हणा.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळी इमारत ‘पसारामामा’ म्हणायची. नानांच्या लेकीचा तो मामा, म्हणून सगळ्यांचाच मामा. हात मात्र सोन्यासारखा. गळका व्हॉल्व्ह त्याने नुसता ऐकला तरी त्याला कळायचं कुठलं वायसर गेलंय. पण त्याच्या जवळ काही म्हणता काही जागेवर नसे. त्याचा एक तपकिरी कोट होता, कामाचा. त्याला किती खिसे होते ते शिंप्यालाही आठवत नसेल, आणि प्रत्येक खिशात दुकान. स्क्रू, पेन्सिलीचे तुकडे, अर्धवट चघळलेली गोळी, कुणाच्या तरी दाराची किल्ली. बाह्यांवर मिठाचे पांढरे ओघळ वाळून कडक झालेले. नाना म्हणायचे, “धू रे तो कोट.” मामा म्हणायचा, “धुतो की.” असं चार हिवाळे चाललं.

मग आदल्या वर्षी व्हायचं ते झालं. हिवाळा अजून लांब होता, खिडक्या सताड उघड्या होत्या. मामा टाकीची पातळी बघायला झाकण उघडून वाकला आणि बाहीवरचा एक पापुद्रा टपकन आत पडला. नानांच्या डोळ्यांसमोर ती टाकी पांढरी झाली. भर उन्हाच्या दिवसात इमारतीतले रेडिएटर तापले. तिसऱ्या मजल्यावरचे संगीतशिक्षक बनियनवर जिन्यात येऊन शिकवणी घेत बसले. लोकांना आधी हसू आलं, पण हिवाळ्यात एक टाकी कमी पडणार हे लक्षात आल्यावर हसू पळालं.

नानांचा पारा असा चढला की त्यांनी जिन्यात, सगळ्यांसमोर मामाला फैलावर घेतलं. “तू माणूस आहेस की उकिरडा? हा कोट धुतल्याशिवाय माझ्या तळघरात पाऊल टाकायचं नाही. तळघरातच कशाला, घरातही नाही.”

मामाने कोट नीट सारखा केला. “चूक माझी आहे, भाऊजी,” तो म्हणाला, “पण कोटही माझा आहे.” आणि गेला तो गेलाच. दोन गल्ल्या सोडून एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं आणि दुकानावरच्या खोलीत राहायला लागला. कोट धुतला नाही, म्हणून आला नाही. नानांनीही अट मागे घेतली नाही. बायको अधूनमधून डबा घेऊन “जरा बाजारात जाऊन येते” म्हणायची आणि येताना बाजारातलं काहीही न आणता यायची. नाना रिकामी पिशवी बघायचे आणि घडी करून खुंटीला लावायचे. खरं तर त्यांना करमत नव्हतं. शांत, लख्ख तळघरात टाक्या पुसताना ते पान्यासाठी सवयीने हात मागे करायचे, आणि हातावर पाना पडायचा नाही.

अशात लेकीला दिवस गेले. जावई बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. म्हणून लेक बाळंतपणाला आईकडे येणार हे ठरलेलं. नानांनी त्या उन्हाळ्यात एक काम मनापासून केलं. शेवटची, सगळ्यांत छोटी टाकी त्यांनी वेगळी काढली आणि तिचा नळ फक्त आपल्या घरातल्या लेकीच्या खोलीकडे वळवला. गच्चीवरचे काळे पट्टे ते रोज पुसत, धुळीचा एक थर ऊन अडवायला नको म्हणून. “तुला हीटरबिटर लागायचा नाही,” त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. “माझ्या नातवंडासाठी मी उन्हाळा भरून ठेवलाय.”

लेक हसली. “मामाला सांगितलंत का?”

“काय सांगायचंय?”

“हेच, उन्हाळ्याचं.”

नानांनी फोन बायकोच्या हातात दिला.

बाळ आधीच झालं. बरंच आधी. मुलगी, इवलीशी, मूठभर. हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत राहिली, मग आईच्या कुशीत राहिली, आणि एकदाची डॉक्टरीणबाई म्हणाली, उद्या दुपारी घरी न्या. फक्त खोली चांगली उबदार हवी. हिला गारठा सोसायचा नाही. उबदार नसेल तर आधी सांगा, मी चार दिवस ठेवून घेते. लेक हॉस्पिटलला इतकी कंटाळली होती की चार दिवस म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. नाना छाती काढून म्हणाले, “उबेची काळजी सोडा. ते माझं खातं आहे.”

आणि नेमकी त्याच रात्रीत थंडी पडली. दरवर्षी यायची त्याच्या कितीतरी आधी, कुणाला न विचारता. सकाळी खिडकीच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. टाक्या अजून सुरू व्हायच्या होत्या, म्हणून इमारतीत जो तो खोका उघडून जुने हीटर बाहेर काढत होता. नाना मात्र खुशीत होते. बरं झालं, त्यांना वाटलं, नातीच्या स्वागताला थंडी आली. आता बघा माझी टाकी. त्यांनी अंघोळ केली, नवं फडकं खांद्यावर घेतलं, आणि विरजणाची बाटली काढून तळघरात उतरले.

बाटली उजेडात धरली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत पांढरे कण नव्हतेच. आत पाणी होतं. नितळ, स्वच्छ, बाटलीइतकंच चकचकीत.

बायको मागोमाग उतरली होती. “काय झालं हो?”

“हे असं कसं झालं?”

बायकोने बाटली बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं. “परवा बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळल्यात ना तुम्ही?”

“हो. तिन्ही.”

“चार होत्या पातेल्यात.”

नाना खालच्या पायरीवर टेकले. नात येणार म्हणून त्यांनी घरातलं जे जे उकळता येईल ते उकळलं होतं. चमचे, चिमटा, खुळखुळा, आणि कपाटात शेजारीच असलेली, बाहेरून जरा धुरकट झालेली ही बाटली, घट्ट झाकणासकट. उकळत्या पाण्यात आतलं मीठ वितळलं, आणि थंड झाल्यावर गोठायचं विसरून गेलं, जसं टाक्यांतलं विसरलं होतं. सगळ्या टाक्या भरलेल्या, सगळ्या नितळ. हिवाळ्याची अजून एकही टाकी उघडलेली नव्हती, त्यामुळे दुसऱ्या टाकीतून कण घ्यावा म्हटलं तर तीही सोय नाही. तळघरात ऊब होती म्हणाल तर ओसंडून जाईल इतकी होती, आणि तिला बाहेर काढायला मिठाचा एक कण नव्हता.

त्यांनी इंजिनिअरबाईंना फोन लावला. बाई दूरच्या गावी होत्या. नवं मीठ पाठवायला आठवडा लागेल म्हणाल्या. “पण काका, एवढं कशाला? एक कण पुरे. जुनं कुठेतरी चिकटलेलं असेलच की. झाकणाच्या कडेला, पान्याला, कोपऱ्यात?”

“बाई,” नाना म्हणाले, “माझ्या तळघरात?”

आपल्या स्वच्छतेबद्दल बोलताना त्यांचा आवाज पडण्याची ही पहिलीच वेळ होती. पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, “हो, ते खरंच.”

मग नानांनी जंग जंग पछाडलं. बाटलीतलं थोडं मीठ वाटीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. ते मधासारखं दाट झालं, पण गोठेना. डोंगर चढणारे लोक हात शेकायच्या पिशव्या वापरतात, त्यांत हेच मीठ असतं, म्हणून दुकानात धावले. पिशव्या सकाळीच संपल्या होत्या. मग घरीच मीठ करायचं ठरवलं. व्हिनेगरमध्ये सोडा टाकला, तो फसफसून शेगडीभर सांडला, घरभर असा वास सुटला की शेजारीण खोकत विचारायला आली. आटवून आटवून शेवटी भांड्यात तपकिरी चिकट पाक उरला आणि तोही गोठायचं विसरला. बायकोने शेजारचा हीटर उसना आणून लावला. तो भक्कन पेटला आणि अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला, कारण त्या सकाळी प्रत्येकाने आपापला हीटर लावला होता. जिन्यात अंधार झाला आणि वरून संगीतशिक्षक ओरडले, “कोण आहे रे तो?”

आपण आहोत, हे सांगायचं नानांना धैर्य झालं नाही. लेकीला फोन करून चार दिवस थांब म्हणावं लागणार, हे आता त्यांना दिसत होतं. त्यांनी फोन हातात घेतला आणि ठेवला. पुन्हा घेतला.

बायको शेगडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “एक कण म्हणाल्या ना बाई?”

“हो.”

“त्याच्या कोटावर वाटीभर असेल.”

नानांनी फोन खाली ठेवला. ‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या, हे विचारण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांनी टोपी घातली, विरजणाची नितळ बाटली खिशात टाकली आणि दार ओढून घेतलं. बायकोने खिडकीतून बघितलं, तर स्वारी चक्क धावत होती.

सायकलच्या दुकानामागच्या अरुंद जिन्याने नाना वर गेले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत जुळवलं होतं. पण दारात पोचले आणि जुळवलेलं सगळं गळून पडलं. खिडकीपाशी दोरीवर तपकिरी कोट टांगला होता आणि त्यातून टपटप पाणी गळत होतं.

मामा बादली खाली सरकवत होता. नानांना बघून तो उभाच राहिला. “भाऊजी? सगळं ठीक ना? बाळ?”

“तू कोट धुतलास?”

“धुतला.” मामा ओशाळला. “ताई काल म्हणाली, आज बाळ येतंय. म्हटलं बघावं एकदा तोंड. तुमची अट होती, तर… चांगला साबण आणला, भाऊजी. तीनदा पाणी बदललं. आधी नुसता चिखल निघत होता.”

नाना समोरच्या स्टुलावर मटकन बसले. स्टुलावर चेनचं ग्रीस होतं. ते त्यांना दिसलं आणि तरी ते बसले. “वर्षभर धुतला नाहीस आणि आज धुतलास रे,” ते म्हणाले, आणि त्यांना हसावं की रडावं ते कळेना. या वेड्या माणसाने आपल्या दारात यायला मिळावं म्हणून गार पाण्यात हात घालून कोट घासला, हे त्यांच्या मनात आलं. त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. दुधाच्या बाटल्या, पातेलं, फ्यूज, सगळं.

मामा आधी हसला. पोट धरून हसला. मग बाळाची खोली गार आहे हे त्याच्या डोक्यात शिरलं आणि तो हसायचा थांबला. “थांबा,” तो म्हणाला. “धुण्याआधी खिसे रिकामे केलेत.”

टेबलाच्या टोकाला वर्तमानपत्रावर एक ढीग होता. त्या कोटाच्या खिशांतून एवढं निघालं यावर कुणाचा विश्वास बसला नसता. स्क्रू, वायसर, दोरे, मोडका कंगवा, बिस्किटाचा चुरा, खडूचा तुकडा, पिवळी घडीची मोजपट्टी, कापसासारखे मळाचे गोळे. एरवी नानांनी असल्या ढिगाकडे लांबून बघून नाक मुरडलं असतं. आज ते त्यावर तुटून पडले. मामाने एक बशी पुढे केली आणि नानांनी बाटलीतले थेंब तिच्यात ओतण्याआधी सवयीने खांद्यावरचं फडकं काढलं.

“पुसू नका!” मामा ओरडला. “काही पुसू नका, भाऊजी. हात जोडतो.”

नानांनी फडकं मांडीखाली दाबून ठेवलं. बशीत थोडे थोडे थेंब वेगवेगळे पाडले आणि दोघे एकेक पांढरा कण चिमट्याने उचलून त्यात टाकायला लागले. पहिला कण खडूचा निघाला, थेंब ढिम्म. दुसरा बिस्किटाचा. तिसरा काय होता देव जाणे, पण त्याला पेपरमिंटचा वास येत होता. नानांनी मळाचा गोळा बोटांनी सोडवला, नखांत मळ गेला, तरी ते थांबले नाहीत. खाली दुकानात कुणीतरी घंटी वाजवत होतं आणि मामा “येतो, येतो” म्हणत जागचा हलत नव्हता. नानांची नजर पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती.

“ही मोजपट्टी,” नाना अचानक म्हणाले. “पातळी मोजायला तू हीच घालायचास ना टाकीत?”

“आणि तुम्ही म्हणायचात, पुसून ठेव.”

“पुसलीस?”

मामाने पट्टी उघडली. ती करकरली. दुसऱ्या सांध्यात, पितळेच्या खिळ्याभोवती, काहीतरी पांढरं घट्ट बसलं होतं. नानांनी पट्टी नाकाशी नेली. व्हिनेगरचा पुसटसा वास आला. मामाने चाकूचं टोक सांध्यात घातलं आणि एक कण बशीतल्या थेंबावर पडला.

थेंब पांढरा झाला. बघता बघता, काठापर्यंत, सुयांची नक्षी उमटावी तसा. दोघांनी श्वास रोखून एकमेकांकडे बघितलं. मग नानांनी बाटलीचं झाकण काढलं, आणि मामाने दुसरा कण सरळ बाटलीत टाकला. वरून खाली पांढऱ्या सुया धावत गेल्या आणि क्षणात बाटली भरून गोठली. नानांच्या मुठीत ती गरम होत गेली, गरम, आणखी गरम. त्यांनी ती गालाला लावली. त्यांच्या जिवात जीव आला.

“मी तुला उकिरडा म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“म्हणालात खरं. सगळ्यांसमोर.”

“चुकलं माझं.”

मामाने नाक ओढलं. “कोट खरंच घाण होता, भाऊजी,” तो म्हणाला. “चला आता. बाळ काय आपली वाट बघत बाहेर थांबणारेय?”

तळघराच्या दाराशी मामा अडखळला. आत फरशी लखलखत होती आणि त्याच्या बुटांना दुकानाचं ग्रीस होतं. तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. नानांनी त्याचा दंड धरला आणि त्याला तसाच आत ओढला. फरशीवर काळी पावलं उमटत गेली. नानांनी ती बघितली आणि पुढे बघून चालत राहिले.

“तू टाक,” ते छोट्या टाकीपाशी म्हणाले.

मामाने बाटलीतून एक खडा कोरून काढला आणि टाकीच्या तोंडातून सोडला. खिडकीच्या काचेत आधी काहीच दिसलं नाही. मग वरून एक पांढरं फूल उमललं, त्याला पाकळ्या फुटल्या, त्या पाकळ्यांना पाकळ्या, आणि नितळ अंधारातून ते सावकाश खाली पसरत गेलं. थर्मामीटरचा काटा हलला. मग असा चढायला लागला की थांबेचना. मामाने नळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. “आला!” तो म्हणाला. “उन्हाळा आला, भाऊजी!” आणि नानांनी सवयीने हात मागे केला, मामानेही सवयीने त्यावर पाना ठेवला, आणि व्हॉल्व्ह उघडला.

दुपारी लेक आली तेव्हा खोलीत इतकी ऊब होती की तिने दारातच शाल काढली. तिने रेडिएटरला हात लावून बघितला, मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या मामाला बघितलं आणि तिला एकदम रडूच फुटलं. वर्षभर हे दोघे एका खोलीत नव्हते. नानांच्या बायकोने भावाकडे बघितलं नाही, नवऱ्याकडेही नाही. ती उगाचच पलंगावरची चादर सारखी करत राहिली.

मामा भिंतीला चिकटून उभा होता. अंगात नुसता सदरा, कोट तिकडे दोरीवर वाळत होता. “मी लांबूनच बघतो,” तो म्हणाला. “कपडे तसे स्वच्छ नाहीत माझे.”

नानांनी लेकीच्या हातून नात घेतली. एवढीशी, कबुतराइतकी हलकी. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मग सरळ चालत जाऊन त्यांनी खांद्यावरचं नुकतंच बदललेलं फडकं काढलं, मामाच्या खांद्यावर पसरलं आणि त्यावर बाळाचं डोकं टेकवून दिलं. “धर नीट. मान सांभाळ.” मामा काठीसारखा ताठ उभा राहिला, श्वाससुद्धा बेताने घेत. बाळाने त्या फडक्यावर लाळ गाळली आणि झोपून गेलं. नानांच्या मोकळ्या खांद्याकडे बायकोने पहिल्यांदाच इतका वेळ बघितलं.

संध्याकाळी मामा निघाला तेव्हा नाना त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेले. खिशातून त्यांनी विरजणाची बाटली काढली. ती आता गार झाली होती, पण आत पांढरी, घट्ट, भरलेली होती. त्यांनी ती मामाच्या हातात दिली.

“ही मला कशाला?”

“माझ्याकडे राहिली तर मी पुन्हा उकळून ठेवीन. तुझ्याकडे असू दे. कोटाच्या खिशात.”

“कोट धुतलाय, भाऊजी,” मामा म्हणाला.

“मग मळव परत,” नाना म्हणाले. “आणि उद्या सकाळी कामावर ये.”